टेकाच्या वाडीची बारा तासांची शाळा

पुंजाराम मास्तरांना जगात फार थोडी माणसं पसंत होती, आणि ती बहुतेक सगळी दुसरीच्या वर्गात बसत. तिसरीत गेलं की पोरगं बिघडायला लागतं, चौथी पास झालं की वाया जातं आणि त्यापुढं फारच शिकलं तर त्याचा साहेब होतो, असा त्यांचा अनुभव होता. साहेब म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. बाकीच्या साहेबांशी मास्तरांचा संबंध यायचा नाही, नाहीतर त्यांच्याविषयीही त्यांनी काहीतरी ठरवून ठेवलंच असतं.

औरंगाबादेहून निघून मुकुंदवाडीच्या पुढं रूळ ओलांडले आणि अर्धा कोस चाललं की टेकाची वाडी लागे. चाळीस उंबरे, एक मारुती आणि आप्पासाहेब पाटील. शाळा पाटलांच्या गोठ्यात भरायची. शाळेचा दिवस किती मोठा असावा याविषयी वाडीत वाद नव्हता. गुराख्यानं बैल सोडले, गोठा रिकामा झाला, पाटलाच्या गड्यानं शेण उचललं की शाळा उघडे. संध्याकाळी बैल दारात येऊन उभे राहिले की शाळा सुटे. बैलांना थांबायची सवय नव्हती, त्यामुळं शेवटची प्रार्थना घाईत व्हायची. आया सकाळी घराला कुलूप लावून रानात जाताना पोरं मास्तरांच्या हवाली करत आणि परत येताना ओढून नेत. सरकारचा नियम होता की प्राथमिक शाळा दिवसाला पाच तासांपेक्षा कमी भरू नये. टेकाच्या वाडीचे बैल रोजचे साडेआठ तास देत होते.

म्हणजे मास्तर कामचुकार नव्हते. ते फक्त हंगामी होते.

मूळचे ते फर्दापूरचे. निजामाच्या अमदानीत सात इयत्ता उर्दूत शिकले. बेरीज-वजाबाकी अजूनही मनातल्या मनात उर्दूतच करत. पोलीस ॲक्शन झाली, शाळा एका पावसाळ्यात मराठी झाल्या, आणि मराठी वाचता येणाऱ्या माणसांची सरकारला इतकी निकड लागली की ज्याला घरातली पोथी अडखळत का होईना वाचता येई त्याला मास्तर केलं. पुंजाराम न अडखळता वाचत, म्हणून त्यांना एकट्याला अख्खी शाळा मिळाली. पण हुकुमावर शब्द पडला 'हंगामी', आणि पाच वर्षं झाली तरी तो शब्द काही निघेना. आता ट्रेनिंग झालेले नवे मास्तर बाहेर पडू लागले होते. चैत्रापर्यंत जे कायम होणार नाहीत त्यांनी घरी जावं, असं कचेरीत ठरलं होतं.

घर म्हणजे फर्दापूर. तिथं त्यांचा थोरला भाऊ फकिरा अजिंठ्याच्या लेण्यांखाली उभा राहायचा. ज्या पाहुण्यांना पायऱ्या चढवत नसत त्यांना खुर्चीत बसवून चौघं जण खांद्यावर वर न्यायचे. त्या चौघांतला एक फकिरा. त्यानं निरोप पाठवला होता की चौथा गडी म्हातारा झालाय, जागा रिकामी होतीय, पुंजाची उंचीही बाकीच्यांशी जुळती आहे, खुर्ची वाकडी होणार नाही. तो निरोप आल्यापासून मास्तरांना रानातून येणारा कुठलाही जाड माणूस बघवेना. बायको दगडाबाई एवढंच म्हणाली होती, "माज्या बापानं मास्तराला पोरगी दिली. खुर्चीवाल्याला नाय."

सगळ्यांसमोर मात्र मास्तर म्हणत की कायम झालो काय आणि नाही काय, मला फरक पडत नाही. हे ते इतक्या वेळा म्हणत, की ऐकणाऱ्यांना त्यांची दया यायची.

मास्तरांना कायम करायचं की नाही हे ज्यांच्या हातात होतं त्यांचं नाव अनंतराव. पूर्वीच्या राज्यात मोहतमीम तालीमात म्हणून शाळाखात्याचा जिल्ह्याचा अंमलदार असे, त्याच्या हाताखाली अनंतराव नायब होते. पोलीस ॲक्शनच्या आदल्या आठवड्यापर्यंत अंगात शेरवानी आणि डोक्यावर रुमी टोपी. पुढच्या महिन्यात काळा कोट आणि पांढरी टोपी. टोप्या बदलल्या, खालचा माल तोच राहिला. पूर्वी ते उर्दूत गश्ती काढत, आता मराठीत परिपत्रक काढत, आणि दोन्ही कुणी वाचत नसे. शुक्रवारची सुट्टी रविवारी गेली तेव्हा, तिकडं हैदराबादेत आपल्याला न विचारता हे कसं केलं, या धक्क्यातून सावरायला त्यांना वर्ष लागलं होतं.

सावरल्यावर त्यांनी शाळेचे तास धरले. पोरांना काय येतं हे तपासायला आधी आपल्याला ते यावं लागतं. तास मोजायला खिशात घड्याळ पुरतं. अनंतरावांच्या खिशात ते होतं, साखळीसकट. पण तालुक्यात शाळा चाळीस आणि अनंतराव एक. नियम हैदराबादला होतो, त्याच्यावर शिक्का औरंगाबादेत बसतो, पण दहा वाजता गोठ्यात मास्तर आहे की नाही हे बघायचं कुणी? या प्रश्नावर त्यांनी दिवाळीची अख्खी सुट्टी विचार केला आणि एक परिपत्रक काढलं. प्रत्येक गावात ज्याच्याजवळ स्वतःचं घड्याळ आहे असा एक प्रतिष्ठित नागरिक नेमावा. शाळा उघडताना आणि बंद होताना त्यानं शाळेच्या वहीत वेळ लिहून सही करावी. मास्तर लोक लबाड, गावकऱ्यांना पटवून अंदाजानं वेळा भरतील, म्हणून शेवटी खास एक कलम घातलं: घड्याळात जे दिसेल तेच लिहावे, अंदाज लिहू नये.

या कलमाची वरिष्ठांनी तारीफ केली. अनंतरावांनी ती तारीफ काचेत घालून भिंतीवर लावली.

टेकाच्या वाडीत घड्याळ एकच होतं, आप्पासाहेब पाटलांच्या मनगटावर. ते त्यांना लग्नात सासऱ्यानं दिलेलं. सासरा गंगाथडीचा, काळ्या रानाचा, ऊसवाला. पाटलांपेक्षा तिप्पट मोठा. पाटील लग्नानंतर तीन वर्षांनी पोळ्याला बैल धुवायला ओढ्यात उतरले ते घड्याळासकट. ते तिथंच दहा वाजून वीस मिनिटांनी थांबलं. पण सासऱ्यानं दिलेलं घड्याळ बंद पडलं असं कबूल करणं म्हणजे सासरा हलका किंवा जावई अडाणी, दोन्हींपैकी एक कबूल करणं. पाटलांनी काहीच कबूल केलं नाही. ते रोज सकाळी त्याला किल्ली देत, कानाशी लावत, मान डोलावत. कुणी वेळ विचारली तर बाही सरकवून घड्याळाकडं बराच वेळ पाहत, मग सहज वर सूर्याकडं पाहत आणि अगदी बरोबर वेळ सांगत. अकरा वर्षं वाडीचा कारभार असाच चालला होता. गावाला सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

परिपत्रक आलं. मास्तरांनी ते पाटलांना वाचून दाखवलं. सरकारनं आपल्याला नेमलं म्हणून पाटील कडक धोतर नेसून गोठ्यात आले, बाही सरकवली, आणि वहीत ठळक अक्षरात लिहिलं: दहा वीस. खाली सही. संध्याकाळी बैलांच्या मागोमाग आले, बाही सरकवली, आणि लिहिलं: दहा वीस. खाली सही.

मास्तरांनी खालच्या आवाजात सुचवून पाहिलं की नेहमी सांगता तशी वेळ लिहिली तर बरं. पाटलांनी त्यांच्याकडं असं पाहिलं जसं चोरीचा माल विकायला आलेल्या माणसाकडं पाहावं.

"मास्तर, तोंडानं सांगणं निराळं आन् सही करणं निराळं. सरकारनं काय लिवलंय? घड्याळात दिसंल ते. अंदाज नाय. मी अंदाजाच्या खाली सही करत नसतो."

इथं मास्तरांना हे निस्तरता आलं असतं. दुसऱ्याच दिवशी ते औरंगाबादेत शहागंजला बाजाराला गेले होते. तिथून कचेरी दोनशे पावलांवर. आत जाऊन एवढंच सांगायचं होतं की आमच्याकडं चालू घड्याळ नाही. पण त्यांना गंमत वाटली. साहेबाच्या शेपटावर साहेबाचाच पाय पडलाय आणि साहेबाला पत्ता नाही, ही मजा गेल्या पाच वर्षांत त्यांना पहिल्यांदा मिळत होती. शिवाय वही कोण वाचतंय? कचेरीत वह्या जातात, वर्षभर धूळ खातात, मग पुड्या बांधायला शहागंजलाच परत येतात, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. एकदा तर फुटाण्यांच्या पुडीवर त्यांना स्वतःचीच हजेरी सापडली होती. ते परत आले आणि रोज संध्याकाळी पाटील सही करून गेले की वही उघडून पोटभर हसत. चार महिने हसले. शहाण्णव दिवस.

सत्त्याण्णवाव्या दिवशी टांग्यातून अनंतराव उतरले.

मास्तरांना कायम करण्याचं प्रकरण निघालं होतं आणि त्यात वही जोडायची होती. अनंतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा एक वही वाचली, आणि नेमकी ही. गोठ्यात खुर्ची नव्हती, म्हणून ते गव्हाणीच्या कडेला रुमाल अंथरून बसले. पोरं पाढे म्हणायची थांबली. साहेब पान उलटत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी कोटाच्या खिशातून पेन्सिल काढली आणि बेरीज मांडली. उघडली दहा वीस, बंद दहा वीस, वजाबाकी शून्य. शहाण्णव दिवसांचे एकूण तास शून्य. ही बेरीज त्यांनी दोनदा तपासली, कारण ते काटेकोर होते.

"मास्तर," ते म्हणाले, "सरकारचा नियम पाच तासांचा आहे. तुम्ही शाळा उघडता आणि त्याच मिनिटाला बंद करता?"

गंमत दुसऱ्याच्या अंगावर पडायची ठेवलेली होती, ती मास्तरांच्याच डोक्यावर आली. त्यांनी सांगितलं की शाळा सकाळी बैल सुटल्यापासून भरते. अनंतरावांनी विचारलं, बैलांची सही आहे का. पोरांना विचारा, मास्तर म्हणाले. पोरांना घड्याळ कळत नाही, अनंतराव म्हणाले, आणि ते खरं होतं. चाळीस पोरं समोर मांडी घालून बसलेली, पाटीवर गणितं, भिंतीला कोळशानं काढलेला जिल्ह्याचा नकाशा. आणि त्या सगळ्याच्या मधोमध बसून साहेब पुराव्यानिशी सिद्ध करत होते की इथं शाळा भरलेलीच नाही. मास्तरांना त्यांचा इतका राग आला की क्षणभर फर्दापूरच्या खुर्चीत हेच बसलेले दिसले.

पाटलांना बोलावणं गेलं. ते फेटा बांधून आले. त्यांच्या मागून आवडाबाई, त्यांची बायको, चहाची परात घेऊन आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. अनंतरावांचा सूर एकदम साखरेत बुडाला. पाटील तालुक्याच्या पुढाऱ्यांत ऊठबस असलेला माणूस. त्याला प्रतिष्ठित नागरिक म्हणून नेमणारे खुद्द अनंतराव. त्यांनी अदबीनं विचारलं की या सह्या आपल्याच ना.

"माज्याच. एक दिवस चुकला नाय. तापात व्हतो तवा गड्यानं धरून आणलं, पर सही केली."

"आणि वेळ?"

"घड्याळात बघून. आपलं कागद व्हतं ना, अंदाज लिवू नये म्हणून. एक मिनिट हिकडचं तिकडं केलं नाय."

अनंतराव खूश झाले. त्यांचं कलम कुणीतरी इतकं तंतोतंत पाळलं होतं. त्यांनी मास्तरांकडं वळून सांगितलं की जबाबदार नागरिकाची लेखी साक्ष ही अशी आहे. तुमचं काही म्हणणं असेल तर आता बोला, नाहीतर प्रकरणावर मला शेरा लिहावा लागेल.

मास्तरांनी वर आढ्याकडं पाहिलं. हे आढं पाटलाचं, गोठा पाटलाचा, मास्तर राहत ती खोलीही पाटलाचीच. खरं बोललं तर छप्पर जाणार, न बोललं तर नोकरी. खांद्यावर त्यांना खुर्चीचा दांडा जाणवला.

"साहेब," ते म्हणाले, "पाटलाचं घड्याळ बंद हाय."

अकरा वर्षं जे वाडीत कुणी बोललं नव्हतं ते बोलून झालं होतं. पाटलांनी बाही खाली ओढली. त्यांचं तोंड लाल झालं नाही, उलट पांढरं पडलं. बोलली ती आवडाबाई, दारातून, शांतपणे.

"माज्या बापानं बंद घड्याळ दिलं म्हणतूस व्हय मास्तर? माजा बाप जिल्ह्याच्या मोठ्या सायबांना घरी बैठकीला बोलावतो. इचार की त्यांनाच."

हे तिनं मास्तरांना म्हटलं, पण ऐकायचं ज्यानं त्यानं ऐकलं. अनंतरावांचा चहाचा कप तोंडाशी थांबला. घड्याळ बंद असेल तर पाटील खोटा. पाटील खोटा तर त्याला नेमणारं परिपत्रक खोटं. परिपत्रक खोटं तर भिंतीवरची काचेतली तारीफ उतरवायची. वर गंगाथडीचा सासरा. दुसरीकडं घड्याळ चालू मानलं तर शाळा शून्य तास. आणि ती ज्यांच्या देखरेखीखाली चार महिने शून्य तास चालली ते अनंतराव. मास्तर बघत होते. एरवी ज्या डोक्यात एक विचार आला की दुसऱ्याला बाहेर थांबावं लागे, त्या डोक्यात आज तीन-तीन एकदम शिरले होते, आणि साहेबांच्या कपाळावर घाम दिसत होता.

मग साहेबांचा चेहरा उजळला. कप खाली ठेवून त्यांनी पेन्सिल ओली केली.

"सरकारनं नेमलेल्या नागरिकाचं घड्याळ बंद असू शकत नाही," ते म्हणाले. "नोंद अपुरी आहे, इतकंच."

आणि पहिल्या ओळीत पहिल्या दहा वीसच्या आधी त्यांनी लिहिलं 'सकाळी', दुसऱ्याच्या आधी लिहिलं 'रात्री'. मग दुसरी ओळ. मग तिसरी. शहाण्णव दिवस, एकशे ब्याण्णव शब्द, एकही न चुकवता. पोरं इतका वेळ गप्प बसून एखाद्याला लिहिताना पहिल्यांदाच पाहत होती. शेवटी त्यांनी पुन्हा बेरीज मांडली. रोजचे बारा तास.

"पाच तासांच्या जागी बारा," अनंतराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला. आपण आत्ताच काय लिहिलं हे ते इतक्या लवकर विसरले होते, की ते खोटं बोलत होते असंही म्हणता येईना. पाटलांनी बाही पुन्हा सरकवली. घड्याळावर आता सरकारचाच शिक्का बसला होता. जाताना त्यांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं की माणसाचा डोळा कधी चुकतो, आपण मनात धरत नसतो. आवडाबाईनं परात उचलली. उरलेला एक कप तिनं मास्तरांच्या समोर ठेवला नाही.

तीन आठवड्यांनी कचेरीतून बोलावणं आलं. मास्तर रस्त्यानं भाषण तयार करत गेले. त्यात परिपत्रक होतं, पेन्सिल होती, रुमी टोपीही होती. शहागंजच्या गर्दीतून जाताना त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. एका बागवानानं त्यांना वाट करून दिली, वेडा समजून.

कचेरीत बद्रीनाथ नावाचा कारकून होता. त्यानं हुकूम पुढं सरकवला. पुंजाराम, टेकाची वाडी, कायम. कारण: सदर शिक्षक रात्री दहा वीसपर्यंत शाळा चालवत असल्याने सदर शाळेत प्रौढांचाही वर्ग भरतो असे गृहीत धरण्यात येत आहे. खाली एक प्रतिज्ञा होती की वरील मजकूर खरा आहे, आणि सहीची जागा.

"हे खरं नाय," मास्तर म्हणाले.

बद्रीनाथनं पान थुंकलं. "मला ठावं हाय, गुरुजी. चाळीस पोरं रात्री धापर्यंत कोण बसवतं? खरं लिवायचं आसंल तर त्यो तिकडं अर्ज हाय. मागं एकानं भरला व्हता. चांगला मानूस व्हता." त्यानं दौत पुढं केली. "सायेब आत हायेत. भाषण करायचं तर जावा. चैत्र परवा लागतुया."

मास्तर उभे राहिले. भाषण जिभेवर तयार होतं, एक शब्द विसरला नव्हता. आतून अनंतरावांचा खोकला ऐकू येत होता. दोन पावलं, एक पडदा. त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि सही केली. त्यांची सही नेहमी चांगली यायची. आज तर फारच सुंदर आली.

मग पडदा बाजूला करून ते आत गेले, दोन्ही हात जोडले आणि वाकले. अनंतरावांनी सांगितलं की रविवारी तालुक्यातल्या मास्तरांची सभा आहे, तिथं तुम्ही बारा तासांची शाळा कशी चालवता ते सांगायचं. मास्तर म्हणाले, "व्हय साहेब."

दगडाबाईनं गूळ वाटला, फर्दापूरला निरोप गेला की चौथा गडी दुसरा बघा.

रविवारी चाळीस मास्तर सतरंजीवर बसले होते. निम्मे हंगामी होते. पुंजाराम मास्तर उभे राहिले आणि पहिली दोन वाक्यं अडखळले, मग जमलं. संध्याकाळी बैल बांधून झाले की पोरं कशी परत येतात, त्यांच्या मागोमाग बाप कसे येतात, म्हातारे कसे अंगठ्याऐवजी सही करायला शिकले, एका आजीबाईला अक्षर लागलं तेव्हा ती कशी रडली. आजीबाईचं सांगताना त्यांनी स्वतःच धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. खुर्चीत बसलेले अनंतराव मान डोलावत होते.

सतरंजीवर कुणी मान डोलावत नव्हतं. चाळीस जण त्यांच्याकडं पाहत होते, आणि ती नजर मास्तरांच्या चांगली ओळखीची होती. पाच वर्षं ती त्यांनी स्वतःच साहेबांवर वापरली होती. मागच्या रांगेतला एक जण, फर्दापूरकडचाच असावा, त्यानं हात वर करून विचारलं की गुरुजी, रात्री इतक्या उशिरा पोरांना झोप येत नाही का.

मास्तरांनी त्याला खाली बसायला सांगितलं, आणि कंदिलाच्या वाती किती वर ठेवाव्यात म्हणजे झोप येत नाही, ते सविस्तर सांगायला घेतलं.